रंगीत तालमीला प्रेक्षक हवेत

नाटकाचा पहिला प्रयोग लागण्याआधी रंगीत तालीम होते. पोशाख चढवलेले असतात, दिवे लागलेले असतात, नेपथ्य उभे असते. फक्त तिकीट लावलेले नसते. समोर दहा-वीस जाणती माणसे बसवतात. दुसऱ्या अंकात दार उघडताना अडकते, नायिकेचे वाक्य शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचत नाही, या गोष्टी त्या दिवशी कळल्या तर बरे. त्या पहिल्या प्रयोगाला कळल्या तर प्रेक्षक हसतात आणि दोन-तीन दिवसांत परीक्षणात छापून येतात.

संगणकाच्या कार्यप्रणालीचेही असेच असते. नवी आवृत्ती जाहीर होण्याआधी काही आठवडे तिची कच्ची प्रत लोकांपुढे ठेवली जाते. बड्या कंपन्यांकडे तपासणीसाठी पगारी माणसे असतात. लिनक्स नावाच्या मोफत आणि मुक्त कार्यप्रणालीचा बराचसा भार मात्र अशा रंगीत तालमीला येणाऱ्या प्रेक्षकांवर असतो. हे प्रेक्षक म्हणजे तुम्ही-आम्ही. त्यासाठी अभियंता असावे लागत नाही. एक पेनड्राइव्ह, एखादी मोकळी दुपार आणि दिसेल ते नीट लिहून काढण्याची सवय एवढे भांडवल पुरते.

हे आजच सांगण्याचे कारण तुमच्या कपाटात असू शकेल. विंडोज १० या प्रणालीला मिळणाऱ्या नेहमीच्या मोफत सुरक्षा-दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या. वर्षभराची जादा मुदत घेण्याची सोय कंपनीने ठेवली. पण मुदत ती मुदतच. पुढच्या विंडोज ११ ला सुरक्षेची ठरावीक चिप आणि साधारणपणे २०१७-१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. म्हणजे २०१५-१६ च्या सुमारास हप्त्यांवर घेतलेला, कळफलक आणि पडदा धड असलेला लॅपटॉप केवळ या अटीपायी म्हातारा ठरला. अशा यंत्राला लिनक्स पुन्हा कामाला लावू शकते. ते तुमच्याच यंत्रावर नीट चालेल का, एवढाच प्रश्न उरतो. त्याचे उत्तर परदेशातला कुणी पंडित देऊ शकत नाही. ते यंत्र त्याच्यापाशी नसते, तुमच्यापाशी असते.

न बसवता चालणारी प्रणाली

लिनक्सची जन्मकथा बहुतेकांना ठाऊक आहे. हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या मुलाने २५ ऑगस्ट १९९१ रोजी आपल्या या उद्योगाची वर्दी जगाला दिली आणि लोकांकडे सूचना मागितल्या. थोडक्यात, कच्ची प्रत चारचौघांत मांडणे हे या प्रणालीच्या रक्तातच आहे. आपल्याकडे ती घरोघरी पोहोचवण्यात ‘पीसी क्वेस्ट’ मासिकाचा मोठा वाटा होता. १९९६ साली या मासिकाने अंकासोबत लिनक्सची सीडी दिली. त्या उपक्रमामागे बेळगावात वाढलेले आणि पुढे बेंगळुरूला स्थायिक झालेले अतुल चिटणीस होते. २०१३ साली ते गेले. पण त्या सीडीवरून लिनक्स शिकलेली एक पिढीच देशात तयार झाली.

त्या काळी लिनक्स बसवणे म्हणजे घर रिकामे करून रंग काढण्यासारखे होते. आधीचे सारे पुसले जाण्याची धास्ती असे. ही धास्ती घालवली ती ‘लाइव्ह’ चकतीने. क्लाउस क्नॉपर या जर्मन अभियंत्याने २००० साली ‘नॉपिक्स’ काढले आणि ही कल्पना जगभर रुजली. चकती घातली की प्रणाली थेट तिच्यावरून सुरू व्हायची, काम यंत्राच्या तात्पुरत्या स्मृतीत चालायचे आणि यंत्र बंद केले की मागे काही उरायचे नाही. आज चकतीची जागा पेनड्राइव्हने घेतली आहे, आणि त्यावर उतरवायच्या फाइलला ‘लाइव्ह इमेज’ म्हणतात. भाड्याचे घर घेण्याआधी दोन रात्री तिथे राहून पाहावे, नळाला पाणी किती वाजता येते ते बघावे, तसा हा प्रकार. पटले तर बिऱ्हाड हलवावे, नाही तर किल्ली परत द्यावी.

अडते ते वायफायपाशी

जुन्या यंत्रावर लाइव्ह इमेज सुरू केली की पडदा, कळफलक आणि आवाज बहुधा विनातक्रार चालू होतात. घोडे अडते ते वायफायपाशी. याचे कारण समजून घेण्याजोगे आहे.

लॅपटॉपच्या पोटात वायफायची एक लहानशी पट्टी असते. या पट्टीवरच्या चिपला स्वतःचा असा एक छोटा प्रोग्राम लागतो. त्याला फर्मवेअर म्हणतात. तो बहुधा चिपमध्ये कायमचा कोरलेला नसतो. यंत्र सुरू झाले की कार्यप्रणालीने तो चिपला दर वेळी भरवायचा असतो. हा प्रोग्राम चिप बनवणाऱ्या कंपनीच्या मालकीचा. तो वाटायला परवानगी असली, तरी आत काय आहे ते पाहण्याची किंवा बदलण्याची मुभा सहसा नसते. लिनक्सच्या जगात ‘जे वाटायचे ते उघडे असावे’ हे तत्त्व; तेव्हा अशी बंद पेटी सोबत द्यावी की देऊ नये, यावर वर्षानुवर्षे वाद झाले. ‘डेबियन’ हे लिनक्सचे जुने आणि तत्त्वनिष्ठ वितरण. त्याच्या मुख्य प्रतींत अशा पेट्या नसत, आणि त्यामुळे कित्येक लॅपटॉपांवर वायफाय मुके राहायचे. २०२२ साली डेबियनच्या सभासदांनी रीतसर मतदान करून त्या सोबत देण्याचा निर्णय घेतला आणि १० जून २०२३ रोजी आलेल्या बाराव्या आवृत्तीपासून तो अमलात आला. तत्त्वाला मुरड घातली म्हणून काहींना वाईट वाटले. वायफायच चालले नाही तर नवखा माणूस दारातूनच परत जातो, हा अनुभव मात्र जास्त बोलका ठरला.

यात गंमत अशी, की वायफाय चालत नसेल तर त्यावरचा उपाय इंटरनेटवर असतो आणि इंटरनेटला जायचे तर वायफाय लागते. कुलपाची किल्ली कुलूपबंद पेटीतच ठेवलेली! लॅपटॉपला केबलचे भोक नसेल, आणि नव्या पातळ यंत्रांना ते बहुधा नसतेच, तर माणूस तिथेच हात टेकतो. म्हणूनच कच्ची प्रत तपासताना पहिली परीक्षा बिनतारी जोडणीची घ्यावी.

खैराटची शाळा

बिनतारी जोडणीची तालीम आपल्या महाराष्ट्रात एका डोंगराळ वाडीवरही होऊन गेली आहे. रायगड जिल्ह्यात कर्जतजवळ खैराट नावाचे धनगरवाड्याचे गाव आहे. तिथल्या एकशिक्षकी शाळेत २००७ साली ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या जागतिक योजनेचा भारतातला पहिला प्रयोग सुरू झाला. हिरव्या-पांढऱ्या रंगाचे, पाणी-धुळीला दाद न देणारे हे छोटे लॅपटॉप ‘फेडोरा’ या लिनक्स वितरणावर आधारलेले होते आणि त्यावर मुलांसाठी ‘शुगर’ नावाची सोपी मांडणी होती.

या लॅपटॉपांचे मोठे वैशिष्ट्य म्हणजे त्यांची वायफाय. मधे राउटर नसला तरी एका यंत्राचा निरोप दुसरे यंत्र तिसऱ्याकडे पोहोचवू शकत असे. शेतात एकाने हाक दिली की दुसरा ती पुढे देतो, तसे. या पद्धतीचे अधिकृत मानक तेव्हा मसुद्याच्याच अवस्थेत होते. ते २०११ साली संमत झाले. कागदावर कल्पना सुरेख होती. पण जगभरच्या अनुभवातून दिसले ते असे, की दूर दूर असलेल्या पाच-सात यंत्रांना ही पद्धत मानवते. एकाच वर्गात अनेक यंत्रे एकदम सुरू झाली, तर हाकांचाच कलकलाट होतो आणि निरोप बाजूला राहतो. योजनेच्या पुढच्या लॅपटॉपांतून ही पद्धत काढून टाकावी लागली. प्रयोगशाळेतल्या चार यंत्रांवर हा दोष दिसला नसता. तो दिसायला मुलांनी भरलेला वर्गच हवा होता.

२००९ साली ‘शुगर’ पेनड्राइव्हवरही आली, म्हणजे कोणत्याही जुन्या संगणकाला ती लाइव्ह इमेज लावून पाहता येऊ लागली. खास लॅपटॉप विकत घेण्याची गरज संपली. शाळेत पडून असलेल्या संगणकांसाठी ही केवढी सोय होती!

गोराईची दुपार

खैराटच्या वर्गातला कलकलाट मुंबईत घरोघरी भेटतो. आमच्या गोराईचेच पाहा. खाडीच्या पलीकडची गोराई वेगळी. तिथे होडीने जायचे, कोळी आणि ईस्ट इंडियन लोकांची जुनी वस्ती, २००९ साली उघडलेला पॅगोडा, समुद्रकिनारा. अलीकडची, बोरिवली पश्चिमेची गोराई ही १९८५ साली सुरू झालेल्या जागतिक बँकेच्या साहाय्यातल्या योजनेतून उभी राहिली. पायाभूत सोयी देऊन आखलेले लहान लहान प्लॉट, त्यांच्या सहकारी सोसायट्या, भिंतीला भिंत लागलेली घरे. लोकांनी ऐपतीप्रमाणे त्यावर पुढे माळे चढवले. माणसांना शेजार फार जवळचा आणि वायफायलाही. संध्याकाळी फोनवर जोडणीची यादी उघडली तर दहा-पंधरा घरांची नावे सहज दिसतात.

ही गर्दी कसली ते सांगायला हवे. जानेवारी २००५ मध्ये भारत सरकारने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवान्याच्या अटीतून मोकळा केला, म्हणून आज घरोघरी राउटर लावता येतो. पण या पट्ट्यात एकमेकांवर कुरघोडी न करणाऱ्या वाहिन्या नेहमीच्या रचनेत तीनच, १, ६ आणि ११. दहा-पंधरा घरांनी या तीन वाटांवरून जायचे म्हटल्यावर खोळंबा ठरलेला. २०१८ च्या ऑक्टोबरात ५ गिगाहर्ट्झच्या आसपासचा आणखी रुंद पट्टा मोकळा झाला. तिथे वाटा पुष्कळ. पण त्या लहरी भिंत ओलांडताना लवकर दमतात.

अशा ठिकाणी एका रविवारी शेजारच्या घरातला आठ-नऊ वर्षांचा लॅपटॉप आमच्या टेबलावर आला. त्या घरची मुलगी बारावीला. नोट्स आणि व्याख्याने सगळी इंटरनेटवर. नवा लॅपटॉप घ्यायचा तर कॉलेजच्या प्रवेशाच्या पैशांना हात लागणार. वहिनींची पहिली शंका रास्त होती, “भाऊ, यात गावच्या घराचे फोटो आहेत. ते उडणार नाहीत ना?” फोटो आधी वेगळ्या पेनड्राइव्हवर उतरवले, तेव्हा त्या निश्चिंत झाल्या. मग एका वितरणाची येऊ घातलेली आवृत्ती लाइव्ह चालवली. पडदा सुंदर उजळला, आवाज आला, मराठी अक्षरे दिसली. वायफायची यादी मात्र कोरी.

“काका, मशीनच बिघडलं असेल,” मुलगी म्हणाली. तसे म्हणून सोडून देणे सोपे होते. पण त्याच वितरणाची आधीची, पक्की आवृत्ती दुसऱ्या पेनड्राइव्हवर होती. ती लावली तर शेजारपाजारची सगळी नावे हजर. म्हणजे यंत्र धड, दोष नव्या प्रतीत. पुन्हा नवी प्रत लावून यंत्राची रोजनिशी उघडली. यंत्र सुरू होताना काय काय घडले, याची नोंद लिनक्स ओळीओळीने ठेवते. तिथे स्पष्ट लिहिले होते, अमुक नावाचे फर्मवेअर मागितले, सापडले नाही. फोन केबलने जोडून त्याचे इंटरनेट यंत्राला दिले, कारण ही वाट बहुधा वायफायशिवायही चालते. मग तिथूनच तक्रार नोंदवली. उत्तरात चिपचा क्रमांक विचारला गेला. कळले ते असे, की नव्या आवृत्तीत फर्मवेअरचा मोठा गठ्ठा फोडून निरनिराळ्या पुड्या केल्या होत्या आणि लाइव्ह इमेजमध्ये त्यातली एक पुडी घालायची राहिली होती. दहा-बारा दिवसांनी आलेल्या प्रतीवर यादी भरून आली.

एवढीशी गोष्ट. पण ती पुडी तशीच राहिली असती, तर त्या चिपचा प्रत्येक लॅपटॉप, मग तो गोराईतला असो की गडचिरोलीतला, पहिल्याच दिवशी मुका निघाला असता. त्यांच्या मालकांपैकी किती जणांनी शोध घेतला असता? बहुतेकांनी ‘लिनक्स चालत नाही’ म्हणून यंत्र भंगारवाल्याला दिले असते.

दोष कुणाचा?

तपासणाऱ्याला एक विवेक सांभाळावा लागतो. रात्री आठला वेग मंदावला, तर तो प्रणालीचा दोष की शेजाऱ्यांच्या गर्दीचा? त्याच जागी, त्याच वेळी फोन लावून पाहावा. फोनही रखडत असेल तर प्रणालीला बोल लावू नये. राउटरच्या खोलीत वेग उत्तम आणि स्वयंपाकघरात शून्य, तर भिंत दोषी. पण फोन सुरळीत आणि लॅपटॉपच दर पाच मिनिटांनी तुटतो, असे असेल तर ती नोंद मोलाची. झाकण मिटून पाच मिनिटांनी उघडल्यावर जोडणी आपोआप परत येते का, हेही आवर्जून पाहावे. पुष्कळ दोष यंत्र झोपेतून उठतानाच दिसतात. २.४ आणि ५ हे दोन्ही पट्टे वेगवेगळे तपासावेत. ब्लूटूथचे हेडफोन लावून वायफाय मंदावते का, तेही पाहावे, ब्लूटूथ २.४ च्या पट्ट्यातच चालते आणि दोन्ही कामे पुष्कळदा एकच चिप करते.

काही गोष्टी तर आपल्याखेरीज कुणाच्या लक्षात येणार नाहीत. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला फरक घ्या. पहिला समुद्र, दुसऱ्या सह्याद्रीतल्या. हा दुसरा, डोक्यावर न बसता आडवा येणारा ‘र’ मराठीची खास खूण आहे. तो पडद्यावर चुकीचा उमटला, तर फिनलंडच्या माणसाला काय कळणार? लिनक्सवर भारतीय लिप्यांसाठी वर्षानुवर्षे वापरले जाणारे ‘लोहित’ टंक पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने, म्हणजे श्रीलिपीवाल्यांनी, घडवले आणि रेड हॅट कंपनीने २००४ साली ते सर्वांसाठी खुले केले. पण टंक घडवणाऱ्यानेही प्रत्येक पडदा पाहिलेला नसतो. वायफायचे नाव मराठीत ठेवलेले असले, तर ते यादीत नीट दिसते का? आमच्याकडे अनेकांनी आपल्या राउटरला घराण्याचे किंवा कुलदैवताचे नाव दिले आहे. हीही तपासणीच.

करायचे कसे

ज्यांना हात घालून पाहायचा आहे त्यांच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. आठ जीबीचा पेनड्राइव्ह बहुधा पुरतो. इमेज उतरवताना त्यातले आधीचे सारे पुसले जाते, म्हणून तो रिकामाच घ्यावा. इमेज वितरणाच्या मूळ ठिकाणावरूनच आणावी आणि सोबत दिलेल्या बेरजेशी ताडून पाहावी. अर्धवट उतरलेली फाइल नसते दोष दाखवते. यंत्र सुरू करताना एफ १२, एफ २ किंवा एस्केप यांपैकी एखादी कळ दाबली की कशावरून सुरू करायचे, ते निवडता येते किंवा तशी व्यवस्था लावता येते. पुढे ‘वापरून पाहा’ आणि ‘बसवा’ असे दोन मार्ग दिसतात. पहिलाच घ्यावा. यंत्रातल्या डिस्कला आपण होऊन हात लावला नाही, तर तिथला मजकूर जागच्या जागी राहतो. तरीही महत्त्वाच्या फाइलींची प्रत आधी काढून ठेवणे शहाणपणाचे. ‘सिक्युअर बूट’ बंद करण्याची वेळ आलीच, तर त्याआधी विंडोजच्या बिटलॉकर कुलपाची पुनर्प्राप्तीची किल्ली लिहून ठेवावी, नाही तर परतल्यावर विंडोज दारातच अडवू शकते. आणि कच्च्या प्रतीवर बँकेचे व्यवहार करू नयेत.

तक्रार लिहिताना पाच गोष्टी पुरतात. यंत्र आणि वायफाय चिप कोणती, इमेज कोणत्या तारखेची, आपण काय केले, काय व्हायला हवे होते आणि काय झाले. ‘वायफाय चालत नाही’ या तीन शब्दांवर कुणीही काही करू शकत नाही. ‘यादी दिसते, परवलीचा शब्द स्वीकारला जातो, दहा सेकंदांत तुटते, आधीच्या आवृत्तीत तुटत नव्हते’ या ओळीवर दुरुस्ती होऊ शकते. डॉक्टरकडे ‘बरे वाटत नाही’ एवढेच सांगणारा रोगी आणि ‘तीन दिवस संध्याकाळी ताप चढतो’ म्हणणारा रोगी, यांत जो फरक तोच इथे. रोजनिशी जोडताना आपल्या वायफायचे नाव आणि यंत्राचा ओळखक्रमांक मात्र पुसून टाकावा. नोंद सार्वजनिक असते.

आणि चालले, तर तेही कळवावे. सगळे सुरळीत असले की माणूस गप्प बसतो. पण ‘या जुन्या यंत्रावर सारे ठीक’ ही नोंद असेल, तर तेच यंत्र कपाटात ठेवून बसलेल्या दुसऱ्या कुणाला धीर येतो.

मोफत मिळते म्हणजे कुणीतरी आपल्यासाठी करून ठेवलेले असते, असा आपला समज आहे. सोसायटीच्या वार्षिक सभेला न जाता नंतर पाण्याच्या टाकीबद्दल कुरकुर करणारे सभासद सगळीकडे असतात. लिनक्सची सोसायटी जगभर पसरलेली असली, तरी नियम तोच. ज्यांची यंत्रे तालमीला हजर असतात, त्यांचे दार प्रयोगात अडकण्याचा संभव कमी. आपल्या जुन्या लॅपटॉपांची, आपल्या दाटीवाटीच्या घरांची आणि आपल्या आडव्या ‘र’ची हजेरी तिथे लागायची असेल, तर ती आपणच लावायला हवी.